अर्धवट अंतरा

गाणं एकट्याने ऐकता येतं, यावर माझा विश्वास नाही. दार लावून, डोळे मिटून, कानात हेडफोन घालून बसलं तरी कुणीतरी शेजारी येऊन बसतंच. ज्याने ते गाणं पहिल्यांदा ऐकवलं तो येतो. जिच्या खांद्याला खांदा लावून ऐकलं ती येते. ज्याला ते कधीच आवडलं नाही, आणि तरीही जो आपल्यासाठी शेवटपर्यंत बसून राहिला, तो तर हमखास येतो. गाणं कुठे ऐकलं, कोणत्या साली ऐकलं, हे मी बऱ्याचदा विसरते. कुणाबरोबर ऐकलं ते विसरलेय असं आजवर झालेलं नाही.

हे आमच्या घरात तीन पिढ्यांपासून चालत आलंय. माझी आजी मुळशीकडच्या एका खेड्यात नांदली. तिचा आणि तिच्या थोरल्या जाऊबाईंचा अबोला होता. वाटणीत एक पितळी हंडा कुणाकडे जावा, यावरून धरलेला. पण घरात जातं एकच, आणि दळण दोघींनी मिळून घालायचं. कोंबडं आरवायच्या आधी दोघी समोरासमोर बसायच्या. एक पाय लांब, एक दुमडलेला, आणि एकाच खुंट्यावर दोघींच्या मुठी. अर्धा फेरा एकीने ओढायचा, उरलेला अर्धा दुसरीने. बोलणं नाही. पण जात्यावर बसलेली बाई गप्प राहतच नाही. जाऊबाई ओवीची पहिली ओळ उचलायच्या, दुसरी आजी लावायची. ओवीत माहेर यायचं, भाऊ यायचा, पंढरीचा विठ्ठल यायचा, वनवासातली सीता यायची. दिवाळीला न आलेला भाऊ ओवीत आला की तो नेमका कुणाचा, हे समोरचीला बरोबर कळायचं. मग पुढच्या ओवीत त्या भावाची वाट चुकली असेल, नदीला पाणी आलं असेल, अशी समजूत घातली जायची. दिवसभर एकमेकींचं नाव न घेणाऱ्या त्या बायका पहाटे एकमेकींना सगळं सांगून मोकळ्या होत होत्या.

अबोला कधी सुटला ते आजीला सांगता यायचं नाही. ओव्या मात्र शेवटपर्यंत पाठ होत्या. त्यांतल्या तिच्या कोणत्या आणि जाऊबाईंच्या कोणत्या, असं विचारलं की ती गोंधळायची. तो गोंधळ मला फार मोलाचा वाटतो. दोन बायकांचं आयुष्य इतकं मिसळून जायला एरवी किती वर्षं लागली असती, आणि किती बोलावं लागलं असतं!

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या गायिकांची नावं, गावं आणि आवाज यांच्यासह लोकांसमोर आणायला सुरुवात केली. त्यांत रामायण आहे, पंढरपूर आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत, दारुड्या नवऱ्याचा जाच आहे. मी कधीतरी रात्री त्या ऐकत बसते. ऐकताना लक्षात येतं की एक आवाज ओळ संपवायला जरा मागे राहतो आणि दुसरा त्याला उचलून घेतो. छापलेल्या ओवीत एकच बाई दिसते. जात्यावर दोन होत्या.

पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांना विश्रांती मिळाली. ते चांगलंच झालं. त्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण दोघींनी समोरासमोर बसायची ती वेळ गेली, आणि तिची भरपाई पिठाच्या डब्याने होणार नव्हती.

आईच्या वाट्याला रेडिओ आला. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, आणि १९५५ च्या रामनवमीला तिथून ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमा लिहीत, सुधीर फडके चाल बांधत, आणि आठवड्याला एक नवं गीत लोकांच्या घरात येई. वर्षाची बावन्न व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतं छप्पन्न झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके आणि स्वतः सुधीर फडके गायले. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, हे आता सगळ्यांनी वाचलेलं आहे. आई त्या वेळी परकरी वयाची. त्यांच्या वाड्यात रेडिओ एकच, मालकांकडे. सकाळी सगळे भाडेकरू मालकांच्या ओसरीवर जमायचे. चुलीवरचं उतरवून, अंघोळी आटोपून, लहान पोरांना दटावून. मागच्या खोलीत एक म्हाताऱ्या सोवळ्या बाई राहायच्या. सणावारालाही त्या चारचौघांत येऊन बसत नसत. गीतरामायणाला त्या आल्या. पहिल्यांदा दाराआड उभ्या राहिल्या, मग उंबऱ्याशी बसल्या, आणि सीतेच्या गीतांच्या दिवसांत कुणीतरी त्यांच्यासाठी पाट मांडून ठेवायला लागलं. आईला गीतांचा क्रम सांगता यायचा नाही. तो पाट भिंतीच्या कोणत्या बाजूला असायचा, ते मात्र ती हात करून दाखवायची.

एकदा तिला गल्लीच्या टोकाला दूध आणायला पाठवलं होतं. परत येताना प्रत्येक घरातून तेच गीत ऐकू येत होतं. ती चालत राहिली आणि एक शब्दही हुकला नाही. ही आठवण पुण्यातल्या कितीतरी जणांनी सांगितली आहे, आणि मला त्यातलं सगळ्यांत सुंदर वाटतं ते हे, की ती खरंच सगळ्यांची आहे. सगळे एकाच वेळी त्या रस्त्याने चालले होते.

त्या पिढीतली दोन अनोळखी माणसं भेटली आणि गीतरामायणाचा विषय निघाला, की फार वेळ रामावर बोलणं होत नाही. पहिला प्रश्न येतो, “तुम्ही कुणाकडे ऐकायचात?” मग मालकांची ओसरी निघते, इराण्याच्या हॉटेलसमोरची फरशी निघते, मामांचं दुकान निघतं. मी हा प्रश्न आईच्या तोंडून लग्नात ऐकलाय, दवाखान्यात ऐकलाय, आगगाडीत ऐकलाय. उत्तर मिळालं की ती समोरच्या माणसाला लगेच जवळ करायची. डबा उघडायची.

माझ्या वाट्याला कॅसेट आली.

आमचं लग्न ठरलं तेव्हा मी पुण्यात आणि तो नाशिकला नोकरीवर. पत्र लिहिणं त्याला जमायचं नाही. तब्येत कशी आहे, इथे पाऊस आहे, एवढ्यावर कागद संपायचा. पण एक दिवस त्याने कॅसेट पाठवली. कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकानं तेव्हा बाजारात होती. आपण यादी लिहून द्यायची, मग दुकानदार त्याच्याकडच्या रेकॉर्डवरून एकेक गाणं उतरवून द्यायचा. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास. सात-आठ गाणी बसायची. कागदावर सुवाच्य अक्षरात यादी होती आणि त्या यादीत पत्रात न लिहिलेलं सगळं होतं. सुरुवातीलाच ‘शुक्रतारा’, म्हणजे सरळसरळ कबुली. मग माणिक वर्मा. मग तलत महमूद, आणि त्याच्या पाठोपाठ वसंतरावांचं एक नाट्यगीत. ते मला आवडतं असं मी त्याच्या घरी चहा पिताना सहज बोलले होते, तेही त्याच्या आईशी. तो तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होता असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं पुरं बसलं नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्यात, एका शब्दाच्या मध्यावर टेप संपायची आणि टेपरेकॉर्डरचं बटण खटकन वर यायचं. त्या उन्हाळ्यात मी ती कॅसेट इतकी वाजवली की ते खटकणं गाण्याचाच भाग झालं. लग्नानंतर ती आमच्या बिऱ्हाडात आली, पेन्सिल घालून किती वेळा गुंडाळली, फडताळाच्या कोपऱ्यात गेली. ते गाणं पुढे अख्खं ऐकायला मिळालं. रेडिओवर, कार्यक्रमांत, लोकांच्या लग्नांत. पण त्या शब्दापाशी आलं की माझी मान वर होते. त्याचीही होते. गाणं पुढे निघून जातं, आम्ही दोघं क्षणभर तिथेच असतो.

एकदा आमचं मोठं भांडण झालं होतं, बोलणं बंद होण्याइतकं. रिक्षाने घरी निघालो होतो. दोघं दोन टोकांना, मध्ये पिशवी. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षावाल्याच्या रेडिओवर ते गाणं लागलं. पहिला अंतरा गेला. आम्ही आपापल्या बाजूच्या गर्दीकडे बघत होतो. दुसरा सुरू झाला, तो शब्द आला, आणि दोघांच्या माना एकाच वेळी वर झाल्या. रिक्षाच्या आरशात आम्ही एकमेकांना दिसलो. भांडण मिटलं नाही. ते मिटायला वेळ लागला, ते क्षुल्लक नव्हतं. पण त्याने मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

त्या गाण्याचं नाव मी सांगणार नाही. तेवढं आमच्यापाशी राहू दे.

‘शुक्रतारा’चं मात्र सांगते, कारण ते सगळ्यांचं आहे. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचे आवाज. खळ्यांनी त्यात कुणालाही मोठ्याने बोलू दिलेलं नाही. दोघं एकमेकांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात गातात, म्हणून आपल्याला ते चोरून ऐकल्याचा भास होतो. अरुण दाते पेशाने कापडगिरण्यांतले इंजिनिअर. याच गाण्याच्या नावाने त्यांनी अडीच हजारांहून जास्त कार्यक्रम केले. एका कार्यक्रमाला आम्ही होतो. समोरच्या रांगेत एक आजी-आजोबा होते. गाण्याचे पहिले सूर आले तसा आजोबांनी चष्मा काढला आणि न बघता बाजूला धरला. आजींनी न बघता तो घेतला आणि पर्समध्ये ठेवला. किती वर्षांचा सराव असेल तो!

दात्यांच्या घराण्याची दुसरीही एक थोरवी आहे. त्यांचे वडील, इंदूरचे रामूभैया दाते, हे गायक म्हणून नव्हे तर ऐकणारे म्हणून प्रसिद्ध होते. भलेभले कलावंत त्यांच्यासमोर गायला उत्सुक असत. पुलंनी ‘गणगोत’मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला आहे. मी तो अनेकदा वाचते, कारण निव्वळ मनापासून ऐकलं म्हणून एखाद्या माणसाची साहित्यात जागा व्हावी, ही मला आपल्या संस्कृतीतली फार मोठी गोष्ट वाटते. दाद देणारा माणूस गाणं पुरं करतो. तो समोर नसेल तर गवई रियाज करतो, मैफल करत नाही.

सवाई गंधर्व महोत्सवात मला याचा पुरेपूर प्रत्यय आला. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो पुण्यात सुरू केला, आणि रात्र-रात्र चालणाऱ्या त्या मैफली आम्ही रमणबागेच्या मैदानावर ऐकल्या. सतरंजीवर झोपलेली मुलं, शाली, थर्मास, पहाटेचा गारठा. एके वर्षी माझ्या शेजारी धारवाडकडच्या एक बाई होत्या. त्यांचं मराठी दोन-चार शब्दांचं, माझं कानडी त्याहून कमी. विलंबित ख्याल सुरू झाला. विलंबिताचं एकेक आवर्तन कधीकधी पाऊण मिनिटाहूनही लांब चालतं. गवई कुठल्या कुठे भटकून येतो, आणि तबल्याच्या त्या एका मात्रेवर असा येऊन उतरतो की मांडवातल्या हजारो माना एकदम खाली येतात. पहिल्या समेला आम्ही दोघींनी माना हलवल्या. चौथ्या-पाचव्या समेला एकमेकींकडे बघितलं. त्यानंतर गवई समेजवळ यायला लागला की त्या माझ्या मनगटावर बोट ठेवायच्या, आणि सम आली की उचलायच्या. रात्रभर आमचं एवढंच बोलणं. उजाडल्यावर, अखेरीला, नेहमीप्रमाणे सवाई गंधर्वांची भैरवीतली ठुमरी रेकॉर्डवरून लावली. ज्यांच्या नावाने सगळे जमतात तो माणूस १९५२ मध्ये गेला. पण शेवटचं गाणं त्याचंच असतं, आणि ते संपेपर्यंत कुणी चपला शोधायला उठत नाही. बाईंनी शालीची घडी घातली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्या गेल्या. मी त्यांचं नाव विचारलं नाही. ते लागलंच नाही.

हे लिहिताना सारखं मनात येतंय की मी इथे एकाही गाण्याची ओळ उतरवलेली नाही. तरीही ‘शुक्रतारा’ वाचताक्षणी तुमच्या मनात चाल सुरू झाली असेल. कागद मुका आहे, आवाज तुम्ही घातलात. आणि तो आवाज माझ्या घरातल्या टेपरेकॉर्डरचा नाही. तिथे तुमचं कुणीतरी येऊन बसलं असेल. कॉलेजच्या गॅदरिंगमधला एखादा चेहरा, एस.टी.च्या खिडकीशी बसलेली बहीण, दाढी करताना गुणगुणणारे वडील. मला त्यांची नावं कधी कळणार नाहीत. पण मी लिहिते ती त्या माणसांच्या भरवशावर. मागे एका अंकात मी एका जुन्या भावगीतावर लिहिलं होतं. नंतर जी पत्रं आली त्यांत लेखाबद्दल ओळ-दोन ओळी, आणि बाकी पानभर मजकूर एकाच गोष्टीचा: आमच्याकडे ते गाणं कोण म्हणायचं. बेळगावहून एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं होतं की त्यांची आई शेवया वळताना ते गायची, आणि तिच्या चालीत एक जागा मूळ चालीपेक्षा वेगळी होती. रेकॉर्डवरची जागा त्यांना आजही चुकीची वाटते. मी ते पत्र जपून ठेवलंय. मला त्यांच्या आईची जागा ऐकायची आहे, आणि ती आता फक्त त्यांच्या कानात आहे.

आता प्रत्येकाच्या कानात वेगळं गाणं असतं, याची मला काळजी वाटते. बसमध्ये चाळीस माणसं चाळीस गाणी ऐकत बसलेली असतात, आणि बहुतेकांना पुढचं गाणं यंत्र निवडून देतं. त्या निवडीत चूक नसते, आवड अचूक ओळखलेली असते. पण यादी लिहिणाऱ्या हाताचा त्यात पत्ता नसतो. वसंतरावांचं ते नाट्यगीत मला यंत्रानेही सुचवलं असतं. मी सहज बोललेलं त्याने खिडकीतून बाहेर बघत लक्षात ठेवलं होतं, हे कळलं नसतं.

आमची मुलगी डब्लिनला असते. तिथे संध्याकाळी पबमध्ये मंडळी टेबलाभोवती बसून वाजवतात. मंच नाही, ध्वनिक्षेपक नाही. ज्याला सूर माहीत आहे त्याने आपलं फिडल काढावं आणि त्यात शिरावं. तिला तिथे एक मुलगा भेटला, कॉर्ककडचा, फिडल वाजवणारा. पुढच्या डिसेंबरात त्यांचं लग्न आहे. त्याने तिला आयरिश भाषेतलं एक गाणं शिकवलं, तिने ते मला पाठवलं. शब्द एकही कळत नाही. मी पोळ्या करताना ते लावते, आणि आता त्यातल्या एका वळणापाशी माझं लाटणं आपोआप थांबतं. त्याच्या आईने मला फोनवर सांगितलं की ते तिच्या वडिलांचं गाणं. ते गुरांच्या बाजारातून परत येताना म्हणायचे. मी तिला आजीच्या जात्याचं सांगितलं. तिच्या इंग्रजीचा हेल मला नीट कळत नाही, माझा तिला कळत नाही. तरी फोन बराच वेळ चालला.

मुलीने परदेशी जाण्याआधी आमची ती कॅसेट संगणकावर उतरवून नेली होती, खरखरीसकट. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर ती पलीकडच्या खोलीत काहीतरी शोधत होती आणि तो मुलगा फिडल घेऊन बसला होता. त्याने आम्हाला ऐकवायला म्हणून काही वाजवायला घेतलं. आमचंच गाणं. कॅसेटवरून, कानाने, कुणी न शिकवता बसवलेलं. मुखडा सुरेख आला, पहिला अंतरा आला. दुसऱ्या अंतऱ्यात तो बरोबर त्या शब्दापाशी आला, अर्ध्या सुरावर गज उचलला, आणि गाणं संपल्याच्या समाधानाने आमच्याकडे बघून हसला.

गाणं तिथेच संपतं, असं त्याला वाटतं. मुलीने अजून सांगितलेलं नाही. मी म्हणते, अख्खं गाणं पाठवून देऊ या. एवढा चांगला हात आहे, बिचाऱ्याला पुढच्या ओळी मिळायला हव्यात. नवरा म्हणतो, लग्न होऊ दे, मग बघू. काल रात्री जेवताना यावरून पुन्हा वाद झाला. त्याच्या बाजूने आता मुलगीही आहे.